इमान कोणाचे?

मराठी भाषेने कुत्र्याला दोन स्थाने दिली आहेत आणि ती दोन विरुद्ध टोकांना आहेत. खाल्ल्या अन्नाला जागणारा, धन्याच्या दारात प्राण सोडणारा इमानी जीव म्हणून त्याचा गौरव केला जातो. त्याच भाषेत कोणाची दुर्दशा सांगायची झाली तर त्याचे हाल कुत्रा खाणार नाही असे म्हटले जाते आणि कोणाचा अंत लाजिरवाणा झाला तर तो कुत्र्याच्या मौतीने मेला असे म्हटले जाते. हिंदी-उर्दूतील चित्रही फारसे वेगळे नाही. भाषेची ही एक विसंगती आहे असे समजून अभ्यासक तिच्यापुढून निघून जातात. वस्तुतः तेथे विसंगती नाही. गौरव आणि शिवी ही एकाच दृष्टीची दोन अपत्ये आहेत आणि ती दृष्टी कुत्र्याकडे चाकर म्हणून पाहते. चाकर मिठाला जागला तर शाबासकी आणि न जागला तर लाथ, हा जुना सरंजामी हिशेब कुत्र्याच्या नावे मांडला गेला आहे, एवढेच.

या हिशेबाला साहित्याने आजवर फारशी हरकत घेतलेली नाही. बालवाचनातील बोधकथा, पाळलेल्या कुत्र्याच्या मृत्यूनंतर लिहिले जाणारे हळवे ललित लेख, ऐतिहासिक कथांमधील स्वामिभक्त श्वान, या सर्व लेखनाचा साचा एकच आहे. माणूस केंद्रस्थानी असतो, कुत्रा त्याच्यासाठी काहीतरी करतो, बहुधा मरतो, आणि त्या मरणातून माणसाचे मोठेपण सिद्ध होते. समीक्षेनेही या साच्याला 'मानव आणि प्राणी यांच्यातील हृद्य नाते' असे प्रशस्तिपत्र देऊन टाकले आहे. परंतु ज्या नात्यात एकाच बाजूची परीक्षा घेतली जाते त्याला नाते म्हणता येईल काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. भारतीय परंपरेतील थोर ग्रंथांनी तो विचारलेला आहे. त्यांच्या वाचकांनी मात्र तो ऐकलेला नाही.

महाभारताचेच उदाहरण घ्यावे. या ग्रंथात कुत्रा येतो त्यांतील तीन ठिकाणे मोक्याची आहेत. आदिपर्वातील पौष्यपर्वाच्या आरंभीच जनमेजयाच्या यज्ञस्थळी सरमेचा पुत्र येतो. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नसते, त्याला तोंडही लावलेले नसते. तरी जनमेजयाचे तिघे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते. तिला उत्तर मिळत नाही, तेव्हा अकल्पित भय तुझ्यावर कोसळेल असे ती राजाला बजावते. राजा या शब्दांनी हादरतो आणि त्यांच्या निवारणासाठी पुरोहित शोधत फिरतो. दुसरा कुत्रा एकलव्याच्या कथेत आहे. पांडवांबरोबर अरण्यात आलेला हा कुत्रा भुंकतो आणि त्याचे तोंड सात बाणांनी भरले जाते. तशा स्थितीत तो पांडवांकडे परततो आणि त्या बाणांच्या मागावरूनच पुढे एकलव्याचा अंगठा जातो. तिसरा कुत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. महाप्रस्थानात द्रौपदी आणि चारही भाऊ पडल्यावर तो एकटा युधिष्ठिरामागे चालत राहतो.

या शेवटच्या प्रसंगाकडे स्वामिनिष्ठेचा दाखला म्हणून बोट दाखविण्याची प्रथा आहे. मूळ प्रसंग नीट वाचला तर तेथे परीक्षा कुत्र्याची नाही हे स्पष्ट होते. कुत्रा काहीच करीत नाही, तो केवळ बरोबर असतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, म्हणून याला सोड, असे सांगतो. त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा आहे. ज्याने भाऊ आणि पत्नी यांचा त्याग केला त्याला एका कुत्र्याचा त्याग का जमू नये? युधिष्ठिराचे उत्तर नेमके आहे. ती माणसे मेलेली होती, त्यांना जिवंत करणे आपल्या हाती नव्हते. जिवंतपणी त्यांचा त्याग केलेला नाही. शरणागताला परत करणे, स्त्रीवध, ब्राह्मणाचे धन हरण करणे, मित्रद्रोह या पातकांच्या तोडीचे पातक म्हणजे आपला आश्रय केलेल्याचा त्याग, असे तो म्हणतो. स्वर्गाच्या दारात तोलले जाते ते माणसाचे इमान आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की तो कुत्रा नव्हताच, तो साक्षात धर्म होता. हा आक्षेप सोयीचा आहे, कारण तो कुत्र्याला कथेतून हद्दपार करून वाचकाला मोकळा करतो. पण युधिष्ठिराने नकार दिला तेव्हा त्याच्यासमोर कुत्राच होता. पुढे काय प्रकट होणार आहे हे त्याला ठाऊक असते तर त्याच्या नकाराला कवडीचीही किंमत उरली नसती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युधिष्ठिर त्या कुत्र्याला 'भक्त' म्हणतो. मग ही निष्ठाच नव्हे काय? येथे कर्तव्याची दिशा पाहिली पाहिजे. भक्ती कुत्र्याची आहे हे मान्य केले तरी तिच्यातून जन्मलेले ऋण माणसावर पडते. युधिष्ठिर कुत्र्याची वाखाणणी करीत नाही, तो आपले बंधन सांगतो. स्वामिनिष्ठेच्या कथांमध्ये हे बंधन गायब असते. तेथे धनी केवळ भक्ती स्वीकारतो आणि फार तर समाधी बांधतो.

महाभारत अशा रीतीने निरपराध कुत्र्याला झालेल्या मारहाणीने उघडते आणि कुत्र्याला न सोडण्याच्या निश्चयापाशी येऊन संपत जाते. रामायणाच्या उत्तरकांडातील, प्रक्षिप्त मानल्या गेलेल्या सर्गांत तर डोके फुटलेला एक कुत्रा रामाच्या दरबारी फिर्याद घेऊन येतो. त्याला विनाकारण मारणाऱ्या ब्राह्मणाला कोणती शिक्षा द्यावी हे त्यालाच विचारले जाते आणि ब्राह्मणाला कालंजर येथील कुलपती करावे अशी उपरोधाने भरलेली शिक्षा तो सुचवितो. प्रक्षिप्त म्हणून हे सर्ग बाजूला सारणाऱ्या पंडितांनी एका गोष्टीचा विचार करावा. कोणा अज्ञात कवीला राजाच्या न्यायासनापुढे कुत्र्याला उभे करावेसे वाटले आणि वाचणाऱ्या पिढ्यांनी ते टिकवून ठेवले.

मराठी संतपरंपरेतील नामदेवांची आख्यायिका याच जातीची आहे. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. येथेही धावतो तो माणूस. परंतु कीर्तनकारांनी या कथेचा अर्थ 'कुत्र्यात देव पाहिला' एवढ्यावर आणून ठेवला. दत्तात्रेयाच्या पायांशी असलेल्या चार कुत्र्यांचेही चार वेद झाले. कुत्र्याला काठीने हाकलण्याचा एक प्रकार आहे तसा त्याला रूपकात विरघळवून टाकण्याचाही एक प्रकार आहे. दुसरा अधिक सभ्य आहे, परिणाम मात्र तोच. दत्ताच्या तसबिरीला हात जोडणारा गृहस्थ दारातल्या कुत्र्याला दगड मारतो तेव्हा त्याला त्यात काहीच विपरीत वाटत नाही, कारण तसबिरीतले कुत्रे त्याच्या लेखी कुत्रे राहिलेलेच नाहीत.

ग्रंथांची ही साक्ष केवळ कवींची कल्पना म्हणून झटकता येणार नाही, कारण मातीची साक्षही तिच्याशी जुळते. जर्मनीतील बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासह कुत्र्याचे दफन सापडले. ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुत्र्याच्या दातांवरून असे अनुमान निघाले की ते पिल्लू डिस्टेंपरसारख्या गंभीर रोगाने कित्येक आठवडे आजारी होते आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून ते तितके जगू शकले नसते. आजारी पिल्लू राखणीच्या किंवा शिकारीच्या कामाचे नसते. या नात्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक असा माणसाने केलेल्या सेवेचा आहे. काश्मीरमधील बुर्झहोम या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांबरोबर कुत्रे पुरलेले आढळले आहेत. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा माणूस परस्परांकडे पाहत राहतात तेव्हा ऑक्सिटोसिन हे ममत्वाशी संबंधित संप्रेरक दोघांच्याही शरीरात वाढते. कुत्र्याचे प्रेम खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. ते परस्परांचे आहे आणि त्याला चाकरीचे नाव माणसाने दिले आहे, एवढाच मुद्दा आहे.

हे नाव का दिले गेले? सत्तेला निष्ठेच्या प्रतिमा लागतात आणि कुत्रा ही बिनतक्रार प्रतिमा आहे, हे त्याचे सरळ उत्तर होय. जपानमधील हाचिको या कुत्र्याची कथा आता जगभर माहीत आहे. त्याचा धनी, एक प्राध्यापक, १९२५ साली निवर्तला आणि हाचिको १९३५ पर्यंत तोक्योतील शिबुया स्थानकावर येत राहिला. १९३४ साली, तो जिवंत असतानाच, तेथे त्याचा पुतळा उभारला गेला आणि लगोलग त्याची कथा नीतिशिक्षणाच्या शालेय पुस्तकात दाखल झाली. उपकार विसरू नयेत हा धडा तेव्हा सम्राटनिष्ठेचे बाळकडू घेणाऱ्या मुलांसाठी होता. पुढे युद्धासाठी धातू कमी पडू लागला, तेव्हा इमानाचा तो पुतळाही वितळविण्यात आला. आज तेथे आहे तो १९४८ साली उभारलेला दुसरा पुतळा. प्रतीक म्हणून मिळालेला मान गरज संपेपर्यंतच टिकतो, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

महाराष्ट्रात रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. महाराजांच्या चितेत या कुत्र्याने उडी घेतली अशी आख्यायिका आहे आणि तिच्या प्रसाराचा संबंध राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण नाटकाशी जोडला जातो. समकालीन साधनांत आधार नसल्याच्या मुद्द्यावरून २०१२ साली हा पुतळा हटविला गेला आणि नंतर पुन्हा बसविण्यात आला. २०२५ साली ते हटविण्याची मागणी पुन्हा पुढे आली. ऐतिहासिक सत्याचा निवाडा साधनांनीच व्हावा, त्याबद्दल वाद असू नये. पण या वादातील दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर नकळत एकमत आहे, ते म्हणजे कुत्रा धन्यासाठी जळाला असेल तरच तो स्मरणास पात्र. त्याने उडी घेतली की नाही यावर शाई सांडते. जिवंत कुत्र्याशी माणूस कसा वागला, हा प्रश्न कोणत्याच बाजूच्या कागदावर नाही.

येथे एक हरकत अशी येईल, आणि तिचे उत्तर टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या देशात माणसाला कुत्र्याहून खाली ढकलले गेले तेथे कुत्र्याच्या न्यायाची भाषा हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे काय? मनुस्मृतीने चांडाळांची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवे सांगितली. 'श्वपाक' म्हणजे कुत्रा शिजवून खाणारा हे संपूर्ण समूहाचे नाव झाले. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्यानंतर कुत्रा आणि श्वपाक जवळजवळ उभे केले आहेत. समत्वाच्या त्या वचनातही समाजाची उतरंड शाबूत राहिली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे आंदोलन झाले त्याच्या मुळाशी हीच विटंबना होती की जनावरांना मोकळे असलेले पाणी अस्पृश्यांना बंद होते. १९३१ साली गांधीजींच्या भेटीत डॉ. आंबेडकरांनी, जेथे कुत्र्यामांजरांहून वाईट वागणूक मिळते त्या भूमीला मायभूमी कसे म्हणावे, हा सवाल केला होता.

ही हरकत खरी आहे. परंतु ती स्वामिनिष्ठेच्या कल्पनेलाच अधिक लागू पडते. कुत्रा आणि अस्पृश्य यांना एकाच ओळीत बसविणारी व्यवस्था दोघांकडूनही एकच मागत होती: उष्ट्यावर जगावे, दारात राहावे, राबावे आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. प्रेमचंदांनी हे जितके ओळखले तितके फार थोड्यांनी ओळखले. १९३४ च्या 'दूध का दाम' या कथेत जमीनदाराच्या मुलाला अंगावर पाजणाऱ्या भंगी बाईचा पोरका मुलगा मंगल त्याच घराबाहेर निंबाखाली राहतो. त्याचा सोबती टॉमी नावाचा कुत्रा आहे. दोघे एकाच उष्ट्यावर जगतात. आईच्या दुधाची किंमत म्हणून मुलाला उष्टे मिळते, हा हिशेब शेवटी मंगल टॉमीलाच समजावून सांगतो. त्याच्या आधीच्या 'पूस की रात' या १९३० च्या कथेत कांबळ्याचे पैसे सावकाराला देऊन बसलेला हल्कू थंडीच्या रात्री शेताची राखण करताना जबरा या कुत्र्याला छातीशी धरतो. पीक जनावरे फस्त करतात. जबरा भुंकून घसा कोरडा करतो, हल्कू शेकोटीच्या ऊबेतून उठत नाही. इमानाच्या मापाने मोजले तर कुत्रा उत्तीर्ण आणि माणूस अनुत्तीर्ण. पण कथा त्या मापाने मोजत नाही. दोन उघड्या जीवांनी परस्परांना दिलेली ऊब हेच तिचे सत्य आहे, आणि तेथे धनीही नाही, चाकरही नाही. कुत्र्याचा प्रश्न हा माणसाच्या प्रश्नाचा प्रतिस्पर्धी नाही, हे या दोन कथांनी कधीच सिद्ध केले आहे.

निष्ठेची मागणी टोकाला गेली की काय होते, ते सआदत हसन मंटोंनी 'टिटवाल का कुत्ता' या कथेत दाखविले. काश्मीरच्या डोंगरात समोरासमोर तळ ठोकलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी सैनिकांमध्ये एक भटका कुत्रा ये-जा करतो. दोन्ही बाजू त्याच्या गळ्यात आपल्या नावाची चिठ्ठी बांधतात, त्याचे राष्ट्रीयत्व ठरवू पाहतात, आणि अखेरीस त्याला मधल्या मोकळ्या जागेत गोळ्यांनी पळवून पळवून मारतात. एका बाजूचा सैनिक त्याला हुतात्मा म्हणतो, दुसऱ्या बाजूचा त्याच्या मरणाला कुत्र्याचेच मरण म्हणतो. भाषेतली ती दोन टोके, गौरव आणि शिवी, एकाच प्रेतावर एकत्र येतात. त्या प्राण्याला हवे होते ते केवळ माणसांचे सान्निध्य. त्याने ते मागितले आणि त्याला राष्ट्रनिष्ठा विचारली गेली.

मंटोंचा कुत्रा कोणाच्या मालकीचा नव्हता, हे येथे महत्त्वाचे आहे. भारतातील माणूस आणि कुत्रा यांचा संबंध मुख्यतः पट्ट्याने बांधलेला नाही. तो आळीशी, चहाच्या टपरीशी, मंदिराच्या पायरीशी, रात्रपाळीच्या रखवालदाराशी जोडलेला आहे. म्हणून स्वामिनिष्ठेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला तो संबंध दिसतच नाही. त्याला दिसतात ती 'बेवारस' कुत्री. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारने बक्षीस लावून रस्त्यावरील कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजांची माणसेही त्यांच्याबरोबर आली, दुकाने बंद राहिली. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडण्याच्या 'सगदीद' या विधीमुळे पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. ज्यांना सरकार बेवारस समजत होते त्यांचे वारस निघाले, ही त्या दंग्याची खरी बातमी होती.

२०२५ साली हाच प्रश्न न्यायालयात उभा राहिला. दिल्ली आणि परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, बाकीची त्याच भागात सोडावीत असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा जागांमधून कुत्री हलवावीत आणि ती तेथे परत सोडू नयेत असा आदेश झाला. या काळात उसळलेल्या सार्वजनिक वादात दोन आवाज सर्वांत मोठे होते. एकाला कुत्रा हे केवळ संकट होते. दुसऱ्याला तो निरागस देवदूत होता. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, त्यांपैकी सुमारे ३६ टक्के भारतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बळींमध्ये पाच ते चौदा वर्षांच्या मुलांचे प्रमाण मोठे आहे. ही मुले बहुधा गरिबांची असतात. त्यांच्याकडे पाठ करून भूतदयेच्या गोष्टी सांगणे हे ढोंग होय. आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री जागेवर सोडण्याचे नियम २००१ पासून असताना ते काम नेटाने न करणाऱ्या नगरपालिकांचा दोष कुत्र्यांच्या माथी मारणे, हेही ढोंगच.

दोन्ही ढोंगांचे मूळ एकच आहे. कुत्र्याच्या स्वभावाविषयी, तो चांगला की वाईट याविषयी, सगळे बोलतात. माणसाच्या जबाबदारीविषयी बोलणे कोणालाच नको असते. लस टोचणे, कचरा उचलणे, चावलेल्या मुलाला वेळेवर औषध मिळण्याची व्यवस्था करणे, हौसेने आणलेले पिल्लू मोठे झाल्यावर रस्त्यावर न सोडणे, ही सर्व माणसाच्या इमानाची कामे आहेत. आश्रय केलेल्याचा त्याग हे पातक आहे असे म्हणणारा युधिष्ठिर आज असता तर तो पुतळ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध सही करीत बसला नसता. त्याने आधी लसीचा साठा विचारला असता.

साहित्याच्या अभ्यासकांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध निकटचा आहे, कारण 'इमानी' आणि 'बेवारस' हे दोन्ही शब्द साहित्याने रुळवले आहेत आणि ते बदलण्याचे कामही साहित्याचेच आहे. अरुण कोलटकरांनी ते करून दाखविले. १९७६ च्या 'जेजुरी'त मोडक्या देवळात पिल्ले घेऊन राहणारी कुत्री आहे. तिच्यामुळे ती जागा अपवित्र झाली असे कवीला वाटत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या काळा घोडा परिसरावरील संग्रहाच्या आरंभीच एक भटका कुत्रा बोलतो. तो आपली वंशावळ सांगतो: एका बाजूने बार्टल फ्रिअरने आणविलेल्या शिकारी कुत्र्यांशी आणि दुसऱ्या बाजूने थेट युधिष्ठिरामागे चालत गेलेल्या कुत्र्याशी. त्याला धनी नाही, आणि त्याला बेवारस म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. पहाटेच्या मुंबईवर तो आपला हक्क सांगतो. ज्येष्ठ कवीने हे इंग्रजीत लिहिले. मराठी गद्य अजून धन्याच्या चितेभोवती घुटमळत आहे.

अभ्यासक्रमांत कुत्र्याविषयीची एखादी गोष्ट ठेवायची असेल तर ती जरूर ठेवावी. परंतु तिच्याखालचा प्रश्न बदलावा. 'कुत्र्याने आपली निष्ठा कशी सिद्ध केली?' असे विद्यार्थ्याला आजवर विचारले गेले. यापुढे सरमेचा प्रश्न विचारला जावा: माझ्या मुलाने काहीच अपराध केला नव्हता, मग त्याला का मारले? जनमेजयाच्या भावांना त्याचे उत्तर देता आले नव्हते.